गादीतला खळगा

"काका, आज मालकीणबाई येताहेत. नव्या गादीचं प्रात्यक्षिक तुम्हीच द्यायचं," मॅनेजरसाहेब म्हणाले.

काका म्हणजे गाद्यांच्या त्या दुकानातले सर्वांत जुने विक्रेते. सगळे त्यांना गादीकाका म्हणत. मॅनेजरसाहेब त्यांच्या मुलीहून लहान, नुकतंच लग्न झालेले आणि कंपनीच्या नव्या धोरणाने भारावलेले. धोरण असं, की दुकानात ताजेपणा दिसला पाहिजे. वय झालेल्या माणसाला कुणी काढून टाकत नसे; त्याची फक्त 'उत्साह-तपासणी' होई. आधी गल्ल्यावरच्या बाईंची झाली, मग अभ्रे शिवणाऱ्या मास्तरांची. दोघांनाही फुलांचा गुच्छ, एक उशी आणि 'आता घरी आराम करा' असा प्रेमळ निरोप मिळाला. आराम विकणाऱ्या त्या दुकानात आरामाची धास्ती घेतलेले काका तेवढे उरले होते.

आरामाला त्यांची ना नव्हती, घराला होती. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. दिवस दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात निघे. रात्र निघत नसे. घरची स्प्रिंगची गादी लग्नानंतर लवकरच घेतलेली. काकूंच्या बाजूला तिच्यात चांगला खळगा पडला होता. काका आपल्या काठावर झोपत, डोळा लागला की अंग हळूहळू उतारावरून त्या खळग्यात घरंगळे आणि तिथे कुणी नाही म्हणून ते दचकून जागे होत. मग पुन्हा काठावर. मुलगी म्हणे, "बाबा, गाद्यांच्या दुकानात काम करता आणि ही असली गादी? बदला ना." काका म्हणत, "बघू."

आणि आता ही नवी गादी. 'बाजूच्या माणसाने कूस बदलली तरी तुम्हाला कळणार नाही!' दुकानातली तरुण मंडळी हे वाक्य ठसक्यात म्हणत. काकांना ते म्हणवत नसे. एकदा एका जोडप्यासमोर त्यांनी ते म्हटलं आणि पुढे तोंडून निघून गेलं, "पण कळायला नको का?" जोडपं एकमेकांकडे बघून हसलं आणि साधी गादी घेऊन गेलं.

"गिऱ्हाईक तोडायला ठेवलंय का तुम्हाला?" साहेब कडाडले होते.

"तोडलं कुठे? गादी घेतलीच की."

"स्वस्तातली!"

तेव्हापासून काकांची तपासणी ठरलेली होती. ती आजच आहे, हे साहेबांनी सांगितलं नाही, पण कोपऱ्यात पाण्याच्या बादलीत फुलांचा गुच्छ आणून ठेवलेला काकांनी पाहिला.

साहेबांनी नवी गादी रस्त्याकडच्या काचेत मांडली. प्रात्यक्षिक सोपं होतं. एका बाजूला पाण्याने भरलेला ग्लास ठेवायचा, दुसऱ्या बाजूला विक्रेत्याने आडवं व्हायचं आणि कुशी बदलायच्या. ग्लास हलला नाही की गादी खरी.

"मालकीणबाई येईपर्यंत एकदा सराव करून घ्या. आणि काका, कृपा करून ते 'कळायला नको का' नको!"

काकांनी बूट काढले. सवयीने काठावर आडवे झाले. या कुशीवरून त्या कुशीवर वळले. ग्लास जागच्या जागी. अंग कुठेच घरंगळलं नाही. गादी सपाट होती, कोरी होती, तिला कुणाचीच आठवण नव्हती. काकांनी डोळे मिटले ते नुसते बघायला, की मिटले तर कसं वाटतं.

साहेब फोन संपवून आले तेव्हा काका मंद सुरात घोरत होते.

"काका!" साहेबांनी दबक्या आवाजात हाक मारली. काचेबाहेर दोन-चार माणसं थांबलेली. त्यांच्यादेखत विक्रेत्याला गदागदा हलवणं बरं दिसलं नसतं. साहेब हसतमुखाने गादीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि प्रात्यक्षिक चालू असल्यासारखे जरा उसळले. त्या धक्क्याने काका जागे होतील हा हिशेब. पण गादी दिल्या शब्दाला जागणारी होती. धक्का काकांपर्यंत पोचलाच नाही.

साहेब आणखी उसळले. मग बूट काढून उभे राहिले आणि टाय उडेपर्यंत उड्या मारल्या. ग्लास हलेना, काका उठेनात. बाहेर टाळ्या पडल्या. गर्दी वाढली.

शेवटी साहेबांनी वाकून काकांचा खांदा धरला. झोपेतच काकांनी त्यांचा हात थोपटला आणि म्हणाले, "अगं, अजून उजाडलं नाही. पड जरा."

साहेब कानापर्यंत लाल झाले.

काचेबाहेर हे ऐकू गेलं नाही. तिथून एवढंच दिसलं, की एक म्हातारा माणूस पडलाय, एक तरुण त्याच्याशेजारी उड्या मारतोय आणि म्हातारा हूं की चूं करत नाही.

"अहो, हे गेलेत वाटतं!" एक बाई ओरडली.

"छे हो, झोपलेत."

"इतका दंगा चाललाय, माणूस झोपेल का?"

आतल्या एका विक्रेतीचाही धीर सुटला. तिने काकांच्या मुलीला फोन लावला आणि घाबरून "लवकर या" एवढंच म्हणाली.

मुलगी जवळच्याच शाळेत शिकवत होती. हातावरचा खडू तसाच, ती गर्दीतून वाट काढत आत आली. वडिलांच्या नाकाशी हात धरला. श्वास संथ चालू होता. मग खालीच बसली.

"ताई, उठवा ना त्यांना! मालकीणबाई येतील," साहेब काकुळतीला आले.

"नाही."

"अहो, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"आई गेल्यापासून बाबा सलग झोपलेले नाहीत," ती हळूच म्हणाली. "नोकरीचं उठल्यावर बघू. आत्ता कुणी हात लावायचा नाही."

"हे मोठ्याने बोला!" मागून आवाज आला. मालकीणबाई केव्हाच आल्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग न हललेल्या ग्लासाकडे, मग दारात रेटारेटी करणाऱ्या गर्दीकडे. "वर्षभर न झोपलेला माणूस आपल्या गादीवर झोपलाय! भर बाजारात! आणि अशा माणसाची तुम्ही उत्साह-तपासणी घेणार होतात?"

काका उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि दुकानात नवी गादी एकच उरली होती, त्यांच्या अंगाखालची. बादलीतला गुच्छ त्यांच्या हातात आला तसा त्यांचा चेहरा पडला. पण निरोप वेगळाच होता. "काका, हात-पाय चालताहेत तोवर तुम्ही इथेच," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि ही गादी तुम्हाला भेट. आमची माणसं घरी पोचवतील, जुनी घेऊन जातील."

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. हमालांनी जुनी गादी उचलायला हात घातला आणि काका दोन्ही हात पसरून पलंगाच्या आडवे आले.

"अहो आजोबा, पार बसलीये ही."

"बसू दे. तुम्ही ती नवी साहेबांकडे टाका. नवीन संसार आहे त्यांचा."

मुलगी दारात उभी होती. तिने चादर तेवढी नीट केली, खळग्यावर जरा हलक्या हाताने.

पुढचा आठवडा नव्या गादीवरच्या झोपेने साहेबांचा चेहरा उजळलेला होता. मग एका सकाळी ते दाढी न करताच आले आणि काकांना गोदामापाशी गाठलं.

"काका, एक विचारू? हसू नका."

"बोला."

"परवा आमचं जरा वाजलं. पहाटे ती उठली, बॅग भरली, माहेरी निघून गेली. मला कळलंच नाही."

काका हसले नाहीत.

"आज आणायला जातोय तिला. पण आधी ती गादी घराबाहेर काढायचीय. गोदामात स्प्रिंगची एखादी जुनी आहे का? तुमच्यासारखी?"

"स्प्रिंगची आहे," काका म्हणाले. "माझ्यासारखी नाही मिळायची. खळगा आपला आपण पाडावा लागतो."

"वेळ लागतो?"

"म्हातारं व्हावं लागतं, साहेब," काका म्हणाले आणि साहेबांनी धरलेल्या स्प्रिंगच्या गादीचं दुसरं टोक उचलायला वाकले.