देव कोणत्या हाताने जेवला?

आखाडा बाळापुरात सिनेमा पाहण्याचे काम किसनरावांकडे होते. पाटीलकी पाटलाकडे, पूजा गुरवाकडे, तसा सिनेमा किसनरावांकडे. त्यांची कुणी नेमणूक केली नव्हती, पण त्यांचा एक दावा नांदेडच्या कोर्टात पडून होता. तारखेला गेले की तारीख पुढे जायची. निजामाच्या राज्यात तारखेला दुसरा उद्योगच नव्हता. मग किसनराव तडक टॉकीज गाठायचे आणि परत आले की पारावर बसून गावाला खेळ सांगायचे.

खेळांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. त्यामुळे आमच्या गावात हत्तीचा खेळ होता, आंधळ्या सासूचा खेळ होता, आणि शेवटी नट मरतो की जगतो हे परतीची गाडी गाठायची असल्यामुळे किसनरावांना कळले नाही, तो एक खेळ होता. त्यांची मते मात्र पक्की. हत्तीच्या खेळात हत्तीने सगळ्यांत चांगले काम केले. आंधळ्या सासूचा खेळ बरा, पण सासू फार नीट चालते. एकंदरीत नवे खेळ बिघडले. मुक्या खेळांत नट बोलत नसत, म्हणून शहाणे वाटत. ही मते आम्ही सगळेच बाळगून होतो. हत्ती चांगला की सासू, यावरून दोन भावांनी एकमेकांचे तोंड बघणे सोडले होते. दोघांनीही एकही खेळ पाहिलेला नव्हता.

किसनरावांच्या बायकोला, नर्मदाबाईला, हे सगळे खेळ दुबार ऐकावे लागत. आधी पारावरून उडत येणारे, मग जेवताना सविस्तर. भाकरी थापता थापता ती "व्हय" म्हणायची. कधीतरी विचारायची, "अन् त्याच्यातली बाई काय म्हणली?"

"बाई? रडली."

"अन् मंग?"

"मंग काय? अजून रडली."

प्रत्येक खेळात बाई रडतच होती. माणूस इतके रडतो, तो कधीतरी दोन शब्द बोलत असेलच की, असे नर्मदाबाईच्या मनात यायचे. एकदा तरी आपल्या डोळ्यांनी खेळ पाहावा, याची तिला फार हौस होती. हौस कसली, तहानच म्हणा. पण बाईमाणसाने कोर्टाची तारीख आणायची कुठून?

अशात एका हिवाळ्यात पुनमचंद नावाचा तंबूवाला आला आणि बाजाराच्या माळावर त्याने तंबू ठोकला. इंजिन आले, यंत्र आले, पडदा आला. तहसिलातून इजाजत मिळाली, तिच्यात एक अट होती: मर्द आणि औरत यांच्यामध्ये पडदा असावा. पुनमचंदकडे पडदा एकच. तोच त्याने तंबूच्या बरोबर मधोमध टांगला. यंत्राच्या बाजूला पुरुष बसले, पडद्यापलीकडे बायका. पातळ कापड, चित्र आरपार दिसायचे. एकाच कापडात सिनेमाही झाला आणि मर्यादाही झाली. सरकार खूश, पुनमचंद खूश.

खेळ देवाधर्माचा होता. एक गरीब म्हातारी रानात झोपडी बांधून राहते, देव तिची परीक्षा बघतो आणि शेवटी तिच्या दारी पाटावर बसून जेवतो. नर्मदाबाई पदराचा बोळा तोंडात धरून बघत राहिली. म्हातारी देवाशी भांडली, तेव्हा तिला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आले. घरी आल्यावर किसनरावांनी पाटावर बसता बसता नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"तर असं बघ, एक म्हातारी असती..."

"म्या बी पाहिला न्हवं आत्ताच," नर्मदाबाई म्हणाली.

"पाहिला असशील. समजला न्हाई."

"काहून समजंना? म्हातारी केवढी बोलती त्याच्यात! देवाला म्हणती, तुला उपाशी माणूस दिसत न्हाई तर डोळे कशाला ठिवले? तुमी सांगता त्या खेळात बाया नुसत्या रडत्यात." जरा थांबून ती म्हणाली, "बाकी एक गोष्ट बरी न्हाई. देवानं डाव्या हातानं जेवायला नगं व्हतं."

किसनरावांचा घास हातातच राहिला. "उजव्या हातानं जेवला देव."

"डाव्या. म्या बघून राहिले व्हते."

"मी काय डोळे मिटून बसलो व्हतो?"

इथवर हे नवराबायकोचे भांडण होते, आणि ते तिथेच जिरले असते. पण नर्मदाबाईने पाहिले तेच पडद्यापलीकडच्या साऱ्या बायकांनी पाहिले होते. पुढच्या सोमवारी महादेवाला नैवेद्य गेले. दगडोबा गुरवांनी एक फडके उचलले, दुसरे उचलले आणि मटकन खालीच बसले. प्रत्येक ताटात चटणी उजवीकडे आणि भाजी डावीकडे.

"मसणात गेलं सगळं! अगं बायांनो, हे ताट वाढलं का पालथं घातलं?"

"देव डावखुरा हाय, गुरवबाबा," बायांनी शांतपणे सांगितले. "त्याच्या हाताला भाजी जवळ नगं का?"

मग काय विचारता! डाव्या हाताने जेवणाऱ्या लेकरांना मिळणारे रट्टे बंद झाले. मंजुळाबाईची सून खुशाल डाव्या हाताने वाढू लागली. सासू बोलायला गेली, तर सून म्हणाली, "देवाला चालतंय, तुमाला काहून चालंना?" आणि सासू गप्प बसली. आमच्या गावात सासू गप्प बसल्याची ही पहिलीच नोंद. पुरुषांना मात्र धर्म बुडाल्याचे स्पष्ट दिसू लागले. कारण त्यांच्याकडे देव स्वच्छ उजव्या हाताने जेवला होता. ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे समजुतीला जागाच उरली नाही. एरवी आम्ही न पाहिलेल्या खेळांवर भांडायचो, ती भांडणे निदान मिटण्यासारखी तरी होती.

प्रकरण तहसिलात गेले आणि तिथले अंमलदार पेशकारसाहेब चौकशीला आले. तुर्की टोपी, छत्री, छत्री धरणारा चपराशी, असा सगळा सरंजाम होता. चावडीत बैठक भरली, बायका चिकाच्या, म्हणजे बांबूच्या पडद्याच्या, आड बसल्या. पहिली जबानी पुनमचंदची.

"साहेब, याच्यात काहीच नाही," पुनमचंद हात जोडून म्हणाला. "पडद्याच्या मागून बघितलं की डावं ते उजवं दिसतं, उजवं ते डावं दिसतं. चित्र एकच आहे."

पेशकारसाहेबांनी डोळे बारीक केले. "यानी मर्दों को एक खेल दिखाते, औरतों को दूसरा. इजाजत कितने खेल की है?"

"एक, साहेब."

"तो फिर दूसरा किसके हुकुम से दिखाया?"

पुनमचंदने पुन्हा हात जोडले. खरे सांगून गुन्हेगार झालेला माणूस दुसरे काय करणार?

शाळामास्तरांच्या बायकोला, मीराबाईला, लिहिता-वाचता येत होते. ती चिकाआडून म्हणाली, "तंबूवाला खरं सांगतो साहेब. सुरुवातीची अक्षरंसुद्धा आमच्या बाजूनं उलटी दिसली. मला एकही वाचता आलं नाही."

"झालं!" किसनराव मांडीवर थाप मारून उठले. "ऐकलं का? शिकलेल्या बाईलाबी वाचता आलं न्हाई. मंग बाकीच्यांला खेळ काय समजला असंल?" चावडीत माना हलल्या. बायकांना सिनेमा समजत नाही, हे अशा रीतीने एका बाईच्याच साक्षीने सिद्ध झाले. मास्तर खाली बघून सतरंजीचा धागा ओढत राहिले.

तेवढ्यात चिकाआडून नर्मदाबाईचा आवाज आला. नवऱ्यादेखत चावडीत बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"साहेब, एक सांगू का? एक दिवस आमी पुढं बसतो, तुमी सगळे मागं बसा. मंग तुमालाबी दिसंल अन् आमालाबी दिसंल. कोण खोटं न्हाई, हे बराबर समजंल."

उपाय इतका सोपा होता, की त्यावर विचार करणे हा सगळ्यांना आपला अपमान वाटला.

"गावच्या पुरुषांनी बायांच्या जागंवर बसायचं?" किसनराव ओरडले. राग होताच, पण खरे सांगायचे तर भीती त्याहून मोठी होती. बाया एकदा पुढून खेळ पाहू लागल्या, तर संध्याकाळी पारावर ऐकायला कोण कान देणार?

पेशकारसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली. पडद्यामागे बसतील त्या औरती, असा इजाजतीतल्या अटीचा अर्थ. सारे मर्द मागे बसले, तर त्या दिवसापुरते ते सरकारदरबारी औरती होणार. मग एखाद्या मामल्यात साक्षीला मर्द कुठून आणायचा? हा मुद्दा बिनतोड होता. आम्ही सगळे हादरलो.

तेव्हा निष्पक्ष कमिटी नेमण्यात आली. सिनेमाचे जाणकार म्हणून किसनराव आणि धर्माचे जाणकार म्हणून दगडोबा गुरव. तिसरे तांड्याचे थावरा नाईक, कारण त्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता, म्हणजे त्यांचे मन स्वच्छ. अध्यक्ष खुद्द पेशकारसाहेब. आता कमिटीने बसायचे कुठे? पुढे बसली तर पुरुषांची झाली, मागे बसली तर बायकांची. म्हणून कमिटीच्या खुर्च्या दोहींच्या बरोबर मध्ये, पडदा बांधलेल्या खांबाला लावून, पडद्याच्या काठासमोर मांडल्या. निष्पक्षपणात बोटाचाही फरक पडू नये, म्हणून चपराश्याने सुतळी धरून बघितली.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. काठावरून पडदा कसा दिसतो? उभी ठेवलेली एक रेघ. ती उजळली, थरथरली, अंधारली, पुन्हा उजळली.

"साहेब," थावरा नाईक हळूच म्हणाले, "मला काईच दिसंना. नुसती रेघ हाय."

"आप नये हो," पेशकारसाहेब म्हणाले. "किसनराव, आप बोलो."

किसनरावांना रेघच दिसत होती. पण इतक्या वर्षांची अब्रू होती. "वा!" ते म्हणाले. "काय काम केलंय म्हातारीनं!"

"देव आला का?" दगडोबांनी विचारले.

"हा बघा, आत्ता आला." दगडोबांनी रेघेला हात जोडले. पेशकारसाहेबांनीही टोपी सारखी केली.

"रेघच हाय की वो," थावरा नाईक म्हणाले. त्यांना पाणी आणायला पाठवण्यात आले.

कमिटीचा निर्णय दुसऱ्या दिवशी चावडीवर वाचून दाखवला. कमिटीने चित्र मध्यस्थ जागेवरून, कोणाही पक्षाकडे न झुकता पाहिले. देव कोणत्याही हाताने जेवताना आढळून आला नाही. सबब दोन्ही पक्षांनी जरुरीपेक्षा जास्त पाहिल्याचे शाबीत होते. दोन बाजू असल्या की तंटा होतो, म्हणून एक बाजू बंद करावी. कोणती करावी, यावर कमिटीला विचार करावा लागला नाही. वरून हुकूम येईपर्यंत पडद्यामागची बाजू बंद. बायकांची गैरसोय होऊ नये, म्हणून खेळ त्यांना पूर्वीप्रमाणे घरी सांगण्यात यावा.

चुलीपुढे बसून नर्मदाबाई त्या दिवशी खूप रडली. किसनरावांना त्यात नवल वाटले नाही. बाई रडते, हे त्यांना सिनेमातून ठाऊकच होते.

किसनरावांचे मात्र भाग्य उजळले. कमिटी कायम झाली आणि खांबाजवळची मानाची खुर्ची त्यांच्या नावे लागली. नवा खेळ आला, ते ऐटीत खुर्चीवर बसले आणि त्यांना रेघ दिसली. त्याच्या पुढचा खेळ आला, पुन्हा रेघ. एकदा त्यांनी गर्दीत सतरंजीवर बसायचा बेत केला, तर लोकच उठून उभे राहिले. "छे छे, किसनराव, तुमी हितं? तुमची जागा मानाची!" मान सोडता येईना आणि खेळ दिसेना. अख्ख्या गावात सिनेमावर जीव टाकणारा एकच पुरुष, आणि आता तोच तेवढा सिनेमा पाहत नव्हता.

पण मते पूर्वीहून पक्की झाली. पारावर ते सांगत, "नवे खेळ बिघडले. पयल्यासारखी भरीव कामं न्हाई राहिली." घरी पाटावर बसून सविस्तर सांगत. नर्मदाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "अन् त्याच्यातली बाई काय म्हणली?"

किसनराव रेघ आठवून बघत. "बाई? रडली."

"व्हय," नर्मदाबाई म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. किसनराव बोलण्याच्या नादात तसेच जेवत. इतक्या वर्षांत त्यांच्या ते एकदाही ध्यानात आले नाही.

पुढे निजाम गेला, पेशकार गेले, पुनमचंदचा तंबूही गेला. वरून हुकूम काही आला नाही, त्यामुळे कमिटी बरखास्त झाली असे म्हणता येत नाही. तुम्ही हसताय, हसा बापडे. पण परवा एका खेळावर तुम्ही घरात तासभर ठासून बोललात, तेव्हा समोरून नुसते "हो" येत होते, ते आठवते का? ही गोष्टही आज घरी सांगायला निघाला असाल. सांगा खुशाल, पण पाटावर बसण्याआधी एकदा ताटाकडे बघून घ्या, चटणी कोणत्या बाजूला वाढली आहे ते.