दुसऱ्या बैलाची मालकीण

गेनूतात्यांनी पहिल्याच भेटीत मला विचारलेला प्रश्न असा: "पोरी, लग्नाआधी तुझं नाव काय व्हतं?"

घोडेगावात कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक आधारकार्डाच्या दोन प्रती मागतं, मशीन हळू चालतं म्हणून कुरकुरतं, निघून जातं. हे असलं कुणी विचारत नाही. म्हटलं, म्हातारा चळलाय. "बोर्डावर लिहिलंय ते वाचा," मी तोडून टाकलं. बोर्डावर 'स्वाती झेरॉक्स' आहे.

"ते सासरचं झालं. मागनं चढा!"

तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, पण एसटी काही त्यांच्यातून उतरली नव्हती. 'मागनं चढा' म्हणजे पहिल्यापासून सांगा. 'स्टॉप सोडू नका' म्हणजे मधलं काही गाळू नका. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की जिभेनंच 'टण टण' अशी डबल बेल देऊन चालू लागायचे. माहेरच्या नावाचा प्रश्न त्यांनी तलाठ्याच्या बायकोला विचारला होता, बँकेतल्या मॅडमना विचारला होता. भाजीवालीला विचारला तेव्हा तिनं तराजूतलं किलोचं वजन उचललं. तात्या जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मार, पर नाव सांगून मार."

मीही आठवडाभर टाळलं, मग वैतागून ओरडले, "मंदा! झालं समाधान?" तात्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दारातूनच हाक आली, "मंदे, दोन प्रती काढ गं."

आळ्याला, माझ्या माहेरी, वडील होते तोवर अशी हाक मारायचे. ते गेले आणि ती हाकही गेली. मी "ओ, आले" म्हणाले आणि उगाचच मशीनचं झाकण पुसत बसले. त्या एका हाकेसाठी मी या माणसाची जन्माची ऋणी आहे. तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

आता तात्यांचं हे खूळ कुठून आलं? मला वाटायचं, हिरडाशेठपासून. हिरडाशेठ म्हणजे इंग्रजांच्या काळातले जुन्नरचे व्यापारी. त्यांचे वडील एका बैलावर मीठ लादून गावोगाव विकायचे. शेठनं तळेघरकडच्या रानातला हिरडा विकत घ्यायला सुरुवात केली आणि नाणेघाटातून बैलांवर कल्याणच्या बंदराला पोचवला. पुढं त्यांनी जुन्नरला धर्मशाळा बांधली. तिची डागडुजी करून शेठचे पुण्यातले खापरपणतू तिथं मोठा बोर्ड लावणार होते. वर शेठचं चरित्र, खाली घराण्याची वंशावळ. माहिती गोळा करायचं काम तात्यांकडे आलं, कारण जुन्नर-आंबेगावातलं एकही गाव त्यांना परकं नव्हतं. टाइप करायचं काम माझ्याकडे.

पुरुषांची नावं चार दिवसांत लागली. अडलं शेठच्या बायकोपाशी. त्या घरात येईल त्या सुनेचं नाव लक्ष्मीच ठेवायचे. चार पिढ्या, चार लक्ष्मीबाई!

"शेठकडं एकच बैल व्हता," तात्या मला पुन्हा पुन्हा सांगायचे. "दुसरा बायकोनं माहेरनं आणला. दोन बैल झाले तवा धंदा उभा राह्यला. आन् तिचंच नाव नाय? लई झालं!"

शेवटी खापरपणतूंचा फोन आला. तात्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवून सगळ्या दुकानाला ऐकवला. "तात्या, बोर्ड उद्या संध्याकाळी छापायला जातोय. लक्ष्मीबाई लिहा नि संपवा. कोण वाचतंय?"

तात्यांनी फोनमध्येच डबल बेल दिली आणि डिंभ्याची वाट धरली. बाईंचं माहेर त्या बाजूचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते गावसुद्धा धरणाच्या पाण्यात गेलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली, तात्यांचा पत्ता नाही. मी दहा वेळा रस्त्याकडं बघितलं. तीनच्या सुमाराला आले ते तुटकी चप्पल हातात घेऊन, धुळीनं माखलेले. एसटी आलीच नव्हती.

"मंदे, घावली!" माठातलं दोन तांबे पाणी प्यायले, मग बोलले. "धरणग्रस्तांच्या वस्तीत एक म्हातारी हाय. नाव चिमा. तिच्या आत्याचं नाव चिमा. म्हनली, आमच्यात दर पिढीत एक चिमा असतीच. पयली चिमा बैल घेऊन जुन्नरला नांदायला गेली, तिच्या नावानं."

मी टाइप केलं: चिमाबाई (सासरचं नाव लक्ष्मी). बोर्ड वेळेत गेला. तात्यांचे सुजलेले पाय बघून मात्र माझा पारा चढला. "जीव काढलात! शेठ तुमचे कोण लागतात हो? तुमचं काय अडलं होतं?"

तात्यांनी ना 'टण टण' केलं, ना ते उठून गेले.

"मंडळींना दवाखान्यात ठेवलं व्हतं," ते म्हणाले. "तीन दिस मी 'सुलोचना, सुलोचना' करतोय, ती डोळा उघडंना. तिसऱ्या दिशी तळेघरवरनं तिचा भाऊ आला. तो म्हनला, 'ठके.' तर 'ओ' म्हनली, राव! भावाकडं बघितलं आन् गेली."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"मला ठावं व्हतं ते नाव. पत्रिकेत छापलेलं, ठकूबाई. गावंढळ वाटलं मला. तांदळात अंगठीनं सुलोचना लिवलं, तवा तिला इचारलं बी नाय. पुढं छत्तीस वर्सं तिनं मला ओ दिली, ती परक्या नावाला."

खिशातून त्यांनी बायकोचा फोटो काढला. "याच्याखाली लावाया ठकू असं मोठ्या अक्षरात काढून दे. रोज सकाळी हाक मारीन म्हनतो."

मी अक्षर होईल तेवढं मोठं केलं, ठळक केलं. कागद गरम गरम बाहेर आला, तो तात्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"मंदे, एवढ्या उशिरा हाक मारली, तर ओ देईल का गं ती?"

"देईल, तात्या," मी म्हटलं. "मी दिली की नाही?"