शोपँसाठी मुगाची खिचडी

सर्वपित्री अमावस्येला आमच्या इमारतीच्या गच्चीवर शोपँसाठी मुगाची खिचडी असते. बाकीच्या पानांवर वडे, खीर, कढी, गवारीची भाजी. शोपँला खिचडीच. "छातीचा आजार होता वं त्याले," डोर्लीकर काका सांगतात. "तळलेलं काहून देऊ?" शेजारचं पान चायकोव्हस्कीचं. तो न उकळलेलं पाणी प्यायला आणि कॉलऱ्यानं गेला, असं काकांनी कुठेतरी वाचलंय. म्हणून त्याच्या द्रोणात उकळून गार केलेलं पाणी.

दोघंही एकोणिसाव्या शतकातले युरोपातले संगीतकार. त्यांचं श्राद्ध नागपुरात का, हा प्रश्न मला सोसायटीची सेक्रेटरी झाल्यावर पडला. त्याआधी तो माझ्या कामात बसत नव्हता.

काका पंचाहत्तरीचे. नोकरी सगळी शहराबाहेर वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात, ट्रक भरून घेण्यात आणि उतरवून घेण्यात गेली. संगीतातलं आपल्याला काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. कळायचं ते शांताकाकूंना. त्या शाळेत पियानो शिकवायच्या. त्या गेल्यापासून घरातला पियानो बंद आहे आणि त्यावर साधं वर्तमानपत्र ठेवलेलंही काकांना चालत नाही. पण दुपारी चारला काकूंच्या रेकॉर्ड लागतात आणि त्या वेळी जो दारात सापडेल त्याला बसावं लागतं.

"शोपँ म्हणजे काचेचा माल. हळू उतरवा लागते. वाग्नर ओव्हरलोड. चार-चार तास अनलोडिंगच चालते, हमाल थकून जाते. शूबर्टनं त्या अधुऱ्या सिंफनीच्या दोनच पेट्या पाठवल्या, बाकीची गाडी आलीच नाही. पण ज्या आल्या त्या पाहा."

रेकॉर्ड संपली की डोळे न उघडता विचारतात, "पोचला का माल?" मी हो म्हणते. माझा कुकर गॅसवर असतो.

श्राद्धाचं कारण मी विचारलं तेव्हा काकांनी नियम सांगितला: ज्याला पोरबाळ नाही, त्यालाच पान. शोपँ, शूबर्ट, चायकोव्हस्की, ब्राम्स. "ब्राम्सनं अंगाईगीत लिहिलं आन् घरात पाळणा नाही. त्याले कोण जेवू घालीन?" मला नियम असलेली माणसं आवडतात. मी शूमनचं नाव सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "त्याले आठ पोरं. तो आपल्या पोराइकडे जेवते."

इतपत ठीक होतं. पण मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीत वडा सापडला. कावळ्यानंच नेऊन टाकलेला. तिसऱ्या मजल्यावरचे बोरकर मीटिंगमध्ये तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. "श्राद्ध करा, नाही कोण म्हणते. पण आपल्या बापाचं करा ना गा. हे गोऱ्यांचं काय लावलं?" काका उठून घरी गेले. यंदा गच्चीला कुलूप लावायचं असं ठरलं आणि ते काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येतात.

अमावस्येला सकाळी अकराला मी कुलूप घेऊन वर गेले. काका पानं मांडून कठड्याशी बसले होते. चार पानांवर कावळे येऊन गेलेले, खिचडीसुद्धा चोचीनं उकरलेली. पाचवं पान मात्र तसंच. त्यावर संत्र्याच्या दोन फोडी जास्त होत्या. टाकीवर एक कावळा बसून होता, खाली येत नव्हता.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"शांताचं."

मी कुलूप ओढणीखाली घेतलं.

"मिशनच्या होस्टेलात वाढली ती," काका म्हणाले. "लग्नात तिच्याकडचं कोणीच नव्हतं. माह्यी आत्या मोठ्यानं म्हणे, पोरीकडचे बसवा ना जेवाले, कुठं आहेत? तर हिनं आपल्या पियानोच्या पुस्तकांचा गठ्ठा दाखवला. हे काय, म्हणे, एवढे आहेत."

ते हसले. मग पानाकडे पाहत राहिले.

"ती गेली त्या वर्षी एकलं तिचंच पान मांडलं. कावळा शिवेना. सगळं कबूल केलं. पियानो इकत नाही, बीपीची गोळी घेतो, दाढी करतो रोज. शिवेना. मग डोक्यात आलं, ही एकटी कधी जेवली का? माहेरचे बसवले सोबत. तर लगेच आला."

"आणि पोरबाळ नसलेलेच का?"

"आमच्यासारखे. तिले बरं वाटते."

टाकीवरचा कावळा हलेना. "यंदा रुसली," काका म्हणाले. "मीटिंगचं ऐकलं असन. तुमचं कुलूप पाहिलं मी. पुढच्या साली कुठं मांडू, सांगा बरं?"

मी टाकीकडे गेले, झाकण ओढून बसवलं आणि त्याच्या कडीला कुलूप घातलं. नीट बसलं. हे मागच्या वर्षीच सुचायला हवं होतं. "बोरकरांना मी पाहून घेते," मी म्हटलं. "इथंच मांडा."

कावळा उडून वरच्या पाइपवर बसला, पण खाली येईना. मी पानांवरून नजर फिरवली. चार पुरुष, आणि त्यांच्यात काकू.

"काका, त्या शूमनची बायको पियानो वाजवायची ना?"

"क्लारा. शांताची लाडकी."

"मग तिला बोलवा."

"तिले आठ पोरं आहेत वं. नियमात नाही बसत."

"माहेरी सगळे पुरुषच असतात का? काकूंनी बोलायचं कोणाशी?"

 काकांनी एक कोरी पत्रावळ माझ्याकडे सरकवली. मी ती पुसून काकूंच्या पानाला लागून मांडली, वडे वाढले, खीर वाढली, संत्र्याच्याही दोन फोडी ठेवल्या. कावळ्यानं मान वाकडी करून खाली पाहिलं आणि कठड्यावर उतरला. मी पुढे व्हायला लागले तशी काकांनी माझी बाही धरली.

"थांबा," ते हळूच म्हणाले. "गाडी गोदामाले लागून राहिली."