चंद्री भेकरिणीचा उखाणा

एका जंगलात, मुलींनो, हरणींचं एक शालीन मंडळ होतं. पाऊल मोजून टाकायचं, मान खाली ठेवायची, आवाज शेजारच्या पानालाही ऐकू जाता कामा नये, असे त्याचे नियम. मंडळातल्या बायकांना पाणवठ्याची स्वच्छ बाजू. बाकीच्यांनी चिखलातलं प्यायचं.

चंद्री भेकरीण चिखलातलं पीत असे. भेकर दिसायला एवढंसं, पण घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. आणि चंद्री तर पान पडलं तरी दचकायची! तरी पिल्लांना चांगलं पाणी मिळावं म्हणून तिनं दोन महिने आवाज गिळला.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षा, इंदुमतीवहिनी चितळ, म्हणाल्या, "उद्या हळदीकुंकवाला ये. एक छानसा उखाणा घे, की झालीस तू आमच्यातली. एरवी मात्र चकार शब्द नको हं."

चंद्री नाकात करवंदीचं फूल अडकवून जाऊन बसली. बसते तोच वास आला. समोरच्या जाळीत बिबट्या!

भुंकावं तर पिल्लांचं पाणी जाणार. गप्प राहावं तर सगळ्याच जाणार. इतक्यात तिची पाळी आली. तिनं मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हटलं,

"चांदीच्या ताटात पेढ्यांची रास,
करवंदीच्या जाळीतून येतोय बिबट्याचा वास."

"अगंबाई! यजमानांचं नाव बिबट्या?" सांबरीणकाकू म्हणाल्या. "भारदस्त आहे हो!"

"नाही हो काकू, खरंच तो..."

"लाजतेय बघा कशी!"

"पुन्हा घे," वहिनी म्हणाल्या. "आणि नुसतं नाव काय घेतेस? पुढे राव लाव."

जाळी हलली. चंद्रीनं राव लावला. टाळ्या पडल्या. बिबट्याराव दबकत दोन पावलं पुढे आले.

मग मात्र राहवेना. "भॉक! भॉक! भॉक!"

तबकं उडाली. शालीन बायका चौखूर उधळल्या. बिबट्या रिकाम्या पंजांनी परत गेला.

पाणवठ्याच्या पलीकडच्या काठावर धापा टाकत वहिनी म्हणाल्या, "जीव वाचला गं. पण केवढ्यानं ओरडलीस! मंडळात असला आवाज शोभत नाही."

चंद्रीचे डोळे भरले. "आणि पिल्लांचं पाणी?"

वहिनींनी जरा विचार केला. "असं कर. यापुढे कार्यक्रम असला की तू त्या जाळीत बसत जा. तिथून ओरड. म्हणजे आम्ही वाचू, आणि आवाज आमच्यातून आला असं कुणी म्हणणार नाही. उरलं पाणी, तर देऊ की!"

तात्पर्य : बाईनं आवाज कायम मृदू ठेवावा. आपल्या वतीनं ओरडायला दुसरी एक बाई जाळीत बसवली, की हे मुळीच अवघड जात नाही.