स्वस्तात मिळालेली डबल गादी

गादीवरच्या चिठ्ठीतली किंमत वाचून कारकुनाने आधी चष्मा पुसला आणि मग तोंड बंद ठेवायचं ठरवलं. एवढी जाडजूड डबल गादी, आणि किंमत एका साध्या चादरीची! दुकानाची चूक झाली होती हे उघड होतं. (ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच तो पगार घ्यायचा, पण आज रविवार होता.) बिल करणारी मुलगी काहीतरी बोलू लागली, तसे त्याने पैसे टाकले आणि गादी डोक्यावर घेऊन चक्क धूम ठोकली.

महिनाभर बायकोची कंबर धरलेली. गादी पाहून तिचा चेहरा उजळला आणि किंमत ऐकून मावळला.

"अहो, ही आपली नव्हे."

"पैसे मोजलेत मी!"

"पण चूक आहे हे ठाऊक होतं ना तुम्हाला? लबाडीच्या वस्तूवर अंग टाकायचं नाही, असा नेम आहे माझा."

"नेम तुझा, गादी माझी."

"मग झोपा की. मी कुठे अडवलंय?"

दुपारची जेवणं झाल्यावर ती खाली चटईवर आडवी झाली. भांडली असती तर बरं, पण ती नुसतीच हळू कण्हत होती. वर कारकून कूस बदलत होता. गादी मऊ होती, तरी काहीतरी टोचतच होतं. चहाच्या वेळेपर्यंत तो हरला.

"ऊठ बाई. उरलेले पैसे भरून येऊ."

"गादीही घ्या. कुठली ते त्यांना कळायला नको?"

भर रस्त्यातून गादी पुन्हा डोक्यावर. शेजारी म्हणाले, "घर बदलताय का?"

"नाही, विचार!" कारकून गादीखालून ओरडला.

दुकानात गिऱ्हाइकं बघून त्याने भाषणच ठोकलं. "दुसऱ्याच्या चुकीवर चैन करणारा मी माणूस नव्हे! खरी किंमत सांगा." (सकाळी तो तोच माणूस होता, पण ते कुणी विचारलं नाही.)

दुकानदार गोंधळला. "साहेब, किंमत बरोबर आहे. ही दाखवायची गादी. दोन वर्षं येणारा-जाणारा हिच्यावर लोळून बघायचा. पोरं तर बुटांसकट नाचायची."

"मी तेच सांगत होते," मुलगी म्हणाली, "तर काका पळालेच!"

घरी येताच बायकोने गादीवर मनमोकळं अंग टाकलं. "अहाहा! किती दमल्याभागल्यांना विसावा दिलाय हो हिने. पुण्याईचीच गादी म्हणायची. या ना, ऐसपैस आहे."

सख्ख्या भावाच्याही टॉवेलला हात न लावणारा कारकून चटई झटकू लागला. "नको. आजपासून माझाही नेम आहे. जमिनीवरच झोपायचं."

बायकोचे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून ती याच दिवसाची वाट बघत होती. "खरंच? किती दिवसांचा हो?"

कारकून बोटांवर दिवस मोजू लागला, तोवर वरून घोरणं ऐकू येऊ लागलं.