चितळांची तहान आणि अस्वलाचा तिसरा खर्डा

मुलांनो, तुमच्यातलं कुणीतरी अजून लिहायला बसलेलं नाही, आणि पुस्तक चालू आहे असं मात्र गावभर सांगत हिंडतंय. नाव घेत नाही. खाली बघू नका, गोष्ट ऐका.

एका जंगलात एकच पाणवठा होता. एके दिवशी तरसांनी त्याला काटेरी कुंपण घातलं आणि पाणवठा आमचा म्हणून जाहीर केलं. चितळांचा कळप बाहेर राहिला. पानांवरचं दव चाटून दिवस काढू लागला. सिंहमहाराजांकडे अर्ज करून उपयोग नव्हता. महाराज अर्ज वाचत नसत. कादंबऱ्या मात्र आवडीने वाचत.

म्हणून सुंद्राबाई चितळ भास्करराव अस्वलाकडे गेली. भास्करराव जंगलातले मोठे कादंबरीकार. त्यांनी सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि कादंबरी लिहायचं वचन दिलं.

आधी त्यांनी विषय मुरू दिला. मग एकांत हवा म्हणून डोंगरावर गुहा घेतली. तिचं तोंड पूर्वेला निघालं. भास्कररावांना पश्चिमेचा उजेड मानवतो, म्हणून गुहा बदलली. परदेशातली अस्वलं हिवाळाभर झोपतात असं कळल्यावर तेही करून पाहिलं. उठल्यावर सुंद्राबाईच्या पणजीचा स्वभाव ठरवला. पणजी कादंबरीत येणारच नव्हती, पण पाया पक्का हवा.

पहिला खर्डा त्यांनी फाडला. दुसराही फाडला. तेव्हा सुंद्राबाई धापा टाकत डोंगर चढून आली.

"भास्करराव, माझं पाडस आता उभं राहत नाही," ती म्हणाली. "तेवढं एक वाक्य तरी महाराजांकडे धाडा."

"सुंद्राबाई, तुमची तहान फार व्यक्तिगत आहे. ती वैश्विक झाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

अधूनमधून ते 'माझी लेखनप्रक्रिया' या विषयावर बोलायला जात. सगळ्यात रंगलेलं व्याख्यान तरसांनी ठेवलं होतं. कुंपणाच्या आत, पाण्याच्या अगदी काठावर. भास्कररावांचा घसा कोरडा पडला की एक तरस अदबीने पाणी पुढे करी.

अखेर तिसरा खर्डा उतरला. महाराजांनी कादंबरी एका बैठकीत वाचली आणि ढसाढसा रडले. त्या चितळांना आत्ताच्या आत्ता पाणी पाजा, असा हुकूम सुटला. शिपाई कोल्हा जंगलभर फिरला आणि भरलेली पखाल तशीच घेऊन परत आला. जंगलात एकही चितळ उरलं नव्हतं.

आता सामाजिक कादंबरीचा पुरस्कार कसा द्यायचा? परीक्षकांनी डोकं चालवलं आणि ती ऐतिहासिक विभागात बसवली. पुरस्कार तरसांच्या हस्ते देण्यात आला.

तात्पर्य: चांगली कादंबरी घाईने लिहू नये. घाई पात्रांना असते, लेखकाला नव्हे.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तपासणारं गिधाड हे वाचून म्हणालं, "बरंच झालं म्हणायचं. हयात पात्रं फार खुसपटं काढतात."