महादप्पांच्या दुकानातला खोटा भाव

महादप्पा वाण्यांनी गिऱ्हाइकाला पहिल्या तोंडाला खरा भाव सांगितला, असं बेंबळीत कुणी ऐकलं नव्हतं. खोबऱ्याचा भाव गुळाला लावायचे, गुळाचा चहापत्तीला. कधी दुप्पट सांगायचे, कधी निम्माच. दुकान वडिलांपासूनचं, वजनात गुंजभर फरक नाही, भाव मात्र रोज चुकलेला. बाजारच्या दिवशी बाहेरगावची बाई भांडायला पदर खोचायची, तेवढ्यात आतून आवाज यायचा, "बाई, एक आणा द्या."

तो आवाज नीलाक्काचा, म्हणजे महादप्पांच्या बायकोचा. दुकानामागं माजघर होतं आणि मधल्या दाराला गोणपाटाचा पडदा. पडद्याआडून अक्का खरा भाव सांगायची आणि अप्पांचा चेहरा फुलायचा. लबाडी उघडी पडलेल्या माणसाचा चेहरा असा फुलत नाही. मान हलवून म्हणायचे, "असं व्हय. असंल."

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, बार्शीकडून येणाऱ्याच्या कनवटीला इंग्रजांचा कलदार असायचा. भावाचा घोळ आधीच होता, त्यात अप्पा. सासूबाईंनी मला पहिल्यांदा अर्धा शेर गूळ आणायला पाठवलं. अप्पांनी आठ आणे सांगितले.

मी म्हटलं, "अप्पा, आठ आण्यात आमच्या माहेरी अख्खी ढेप येती."

"मग माहेराहून आण की, सूनबाई. म्या कुठं नको म्हणलो?"

"दीड आणा," पडद्याआडून आलं.

"असं व्हय. असंल."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की शेजारी चोर राहतो. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "चोर न्हाय गं त्यो. चोर असता तर माप मारलं असतं. नवराबायकोत अबोला हाय."

अबोल्याचा आणि गुळाचा काय संबंध, ते मला तेव्हा कळलं नाही. सासूबाईंनाही कळलं नसावं. पण हकिगत त्यांनी सांगितली. अप्पांना एकच मुलगी होती, गौरा. उमरग्याच्या पलीकडं, कानडी मुलखात, एका मोठ्या आडत्याच्या घरी अप्पांनी ती बिजवराला दिली. अक्का नको म्हणत होती. अप्पा तिला न विचारता शब्द देऊन आले होते. पोर पहिल्या बाळंतपणात गेली. निरोप पोचेपर्यंत तिकडं माती देऊनही झाली होती. त्या दिवसापासून अक्का नवऱ्याशी बोलली नाही. भाकर वेळेवर, अंघोळीचं पाणी वेळेवर, शब्द नाही. रुसलेल्या बायका निदान मांजराच्या नावानं तरी बोलतात, पाणी निवतंय म्हणावं. अक्का तेवढंही नाही. फक्त गिऱ्हाइकाला खोटा भाव सांगितलेला तिला सोसायचा नाही. तेवढ्यापुरतं तोंड उघडायची, तेही गिऱ्हाइकाशी.

माझं म्हणाल तर चूक अप्पांचीच होती. अक्काच्या जागी मी असते तर भावही सांगितला नसता.

एकदा अक्का ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. मी तेल आणायला गेले. अप्पांनी तेल मोजून दिलं आणि गप्प बसले.

"किती झालं, अप्पा?"

"बस जरा."

"चुलीवर कढई ठिवून आले म्या."

"भाव अजून लागला न्हाय," अप्पा म्हणाले आणि रस्त्याकडं बघत राहिले. माझ्यामागून सुताराची बायको आली, तिलाही बसवलं. मग कोष्टीणबाई. तिघी पायरीवर बसून अप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. अप्पा ऐकत होते आणि मधेमधे आम्हालाच सुपारी देत होते. शेवटी अक्का ओल्या धुण्याची बादली डोक्यावर घेऊन मागच्या दारानं आत गेली. बादली खाली ठेवल्याचा आवाज आल्याबरोबर अप्पा ओरडले, "तेल पावशेर, बारा आणे!"

"दोन आणे," आतून आलं.

"असं व्हय. असंल."

तेव्हा मला कळलं. या माणसाला सगळे भाव तोंडपाठ होते. पाठ असल्याशिवाय एवढं नेमानं चुकता येत नाही. घरातला आवाज ऐकायला दुसरी वाटच त्यांना उरली नव्हती. मी कुणाला बोलले नाही. कढई जळाली होती, त्यावरून सासूबाईंची बोलणी खाल्ली.

लढाईच्या दिवसांत घासलेट आणि साखर कंट्रोलच्या भावानं विकायचा हुकूम निघाला. दुकानं तपासायला धाराशिवहून एक अंमलदार आला, शेरवानी, गोंड्याची टोपी. त्यानं मुद्दाम गिऱ्हाइकासारखा घासलेटचा भाव विचारला. आम्ही बायका समोरच उभ्या होतो. वाटलं, आज तरी अप्पा सरळ बोलतील. अप्पांनी चौपट भाव सांगितला.

अंमलदारानं दंड किती होईल ते सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात पडद्याआडून कंट्रोलचा भाव आला, बरोब्बर.

"ये कौन बोला?"

"वो सही भाव है, साब," अप्पा म्हणाले.

"और तुम बोले वो?"

"वो गलत है, साब."

"दुकान का मालिक कौन है?"

"दुकान मेरा है, साब. भाव उनका है."

अंमलदारानं कपाळावर हात मारला. आमच्याकडं बघितलं, तर आम्ही सगळ्या हसत होतो. दंड न करताच गेला. जाताना शिपायाला म्हणाला, इस गाँव में सब दीवाने हैं. पडद्याआडून त्या दिवशी हसण्याचा आवाज आला असं अप्पा पुढं बरेच दिवस सांगत होते. मला नव्हता ऐकू आला.

मग रझाकारांच्या धास्तीचं साल आलं. निम्मं गाव गुरंढोरं घेऊन सरहद्दीपलीकडं, बार्शीच्या बाजूला गेलं. माझे सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून आम्ही राहिलो. अक्काला तापानं धरलं होतं, गाडीत घालण्यासारखी नव्हती, म्हणून अप्पा राहिले. बाजार बसत नव्हता. दुकानाच्या दोनच फळ्या उघड्या असायच्या, आणि गिऱ्हाईक नाही म्हणजे नाही. मधल्या भिंतीतून अक्काचं कण्हणं ऐकू यायचं आणि अप्पांचा एक शब्द नाही. गिऱ्हाइकाशिवाय बोलायचे तरी कुणाच्या निमित्तानं?

एका दुपारी अप्पा आमच्या परसातल्या भिंतीपाशी आले. दाढी वाढलेली, कपाळावर विभूती तेवढी ताजी.

"सूनबाई, तुला दुकानातलं काही पाहिजे का?"

"न्हाय, अप्पा."

ते हलले नाहीत. "मीठ तरी?"

घरात मीठ होतं. मी हात पुसले आणि गेले.

अप्पांनी मीठ मापलं. माप नेहमीसारखं बरोबर. मग पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मीठ एक शेर, दोन रुपये."

आतून काही नाही.

"तीन रुपये," अप्पा म्हणाले.

काही नाही. मी पदराची गाठ धरून उभी होते. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आता मीच काही करावं. म्हणून मी म्हटलं, "अप्पा, मिठाला तीन रुपये? लुटता का काय?"

"पाच रुपये," अप्पा म्हणाले. आवाज फाटला होता.

बऱ्याच वेळानं बाजेची दोरी करकरली.

"मिठाला कुठं पाच रुपये असतेत?" अक्का म्हणाली. "एक आणा." दम लागला, थांबली. मग म्हणाली, "अन् तुमी आत या. बसा जरा हितं."

"तुमी" मला नव्हतं. मला ती "तू" म्हणायची.

अप्पा तिथंच उभे. मग हातातलं माप खाली ठेवून त्यांनी पडदा बाजूला सारला. मी पेटीवर आणा ठेवला, मीठ उचललं आणि जाताना दुकानाच्या दोन्ही फळ्या लावून घेतल्या.

त्याच आठवड्यात अक्का गेली. माती द्यायला गावात माणसं पुरेशी नव्हती. लिंगायत वाण्यांच्यात सुतक धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं.

पुढं गाव परत आलं. बायका जुन्या सवयीनं पदर खोचून, भांडायच्या तयारीनं दुकानात गेल्या. अप्पांनी खरा भाव सांगितला. गुळाचा गुळाला, तेलाचा तेलाला, पैशाचाही फरक नाही. लोक म्हणाले, बायको गेली आणि म्हातारा सुधारला. सुताराची बायको म्हणाली, आता कसं सोपं झालं. झालंच होतं.

पुढची बरीच वर्षं मी त्याच दुकानातून सामान घेतलं. अप्पा भाव सांगायचे आणि गप्प व्हायचे. मीही लगेच पैसे काढत नसे. गोणपाटाचा पडदा तसाच लटकलेला असायचा. जरा वेळानं अप्पा मान हलवून म्हणायचे, "असंल," आणि मग मी पदराची गाठ सोडायची.